दोन खोल्या आणि एक सोपा

मूल मोठे केव्हा होते, याविषयी शास्त्री, वैद्य, वकील आणि आईबाप यांची मते निरनिराळी आहेत. रेल्वे, विमानकंपन्या आणि हॉटेलवाले यांचे मात्र याबाबत एकमत दिसते. मूल बारा वर्षांचे झाले की मोठे झाले. पाच वर्षांखालील मुलाला रेल्वेत तिकीट नाही. पाच ते बारा या वयात वेगळी निजण्याची जागा न मागितल्यास अर्धे भाडे. आणि वेगळी जागा मागितली तर २१ एप्रिल २०१६ पासून त्याही वयात पुरे भाडे. बारा पुरी झाली की मग बोलणेच खुंटले. विमानातही दोन ते बारा एवढेच बालपण. यात मी कोणास दोष देत नाही. आसन ते आसन. त्यावर बसणारा आजोबा की नातू, हे पाहण्याचे आसनाला कारण नाही.

परंतु हॉटेलवाला आसन विकत नाही. तो ‘फॅमिली रूम’ विकतो, म्हणजे कुटुंबासाठी म्हणून खोली देतो. मग कुटुंब म्हणजे कोण, हे त्याने ठरविलेलेच असते. एक नवरा, एक बायको आणि त्यांच्या पलंगाच्या कडेला कोठेतरी सामावून जातील अशी दोन लहान मुले. ही मुले वाढली, त्यांचे पाय पलंगाबाहेर येऊ लागले, मुलाला मिसरूड फुटले, मुलगी पदवीधर झाली, की हॉटेलच्या दृष्टीने ते कुटुंब राहिले नाही. ती चार ‘प्रौढ व्यक्तीं’ची टोळी झाली. त्यात आजी असेल तर तिच्यासाठी एक घडीची गादी टाकून देतात, तिला ‘एक्स्ट्रा बेड’ असे नाव आहे. ज्या बाईच्या नावावर सारे घर उभे आहे, ती प्रवासात अशी ‘एक्स्ट्रा’ ठरते.

हा विषय क्षुल्लक वाटेल. सांस्कृतिक पानावर हॉटेलच्या खोल्यांची उठाठेव कशाला, असेही कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, हल्ली आपल्या मध्यमवर्गीय घरांत सर्वांनी मिळून चार दिवस एका छपराखाली राहण्याचा प्रसंग घरी येतच नाही. तो आला तर प्रवासातच येतो. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला, आईबाप कोल्हापुरात. दिवाळीला आली तरी पाहुण्यांच्या गर्दीत निम्मी हरवलेली. शिवाय परदेशी जाण्याइतका पैसा हाती येतो तोही मुले मोठी झाल्यावरच. लहानपणी त्यांना पन्हाळा आणि गणपतीपुळे; आणि ती नोकरीला लागली, लग्नाला आली, की मग ‘एकदा सगळे मिळून बाहेर जाऊन येऊ’. हा प्रवास बहुधा शेवटचा असतो. यापुढे त्या घराची दोन-तीन घरे व्हावयाची असतात. अशा प्रवासात माणसे कोठे निजतात, कोठे बसतात, एकमेकांच्या खोलीत शिरताना दार वाजवावे लागते की नाही, हे क्षुल्लक नाही.

आमच्या घरी सध्या हाच विचार चालू आहे. मुलगी बावीस वर्षांची. पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जावयाची आहे. धाकटा एकोणीसचा. माझ्या बहिणीचा मुलगा शिक्षणासाठी आमच्याकडेच असतो, तो वीस वर्षांचा. आम्ही दोघे आणि पंच्याहत्तरीची माझी आई. मुलगी तिकडे स्थिरावली की आपण सर्वांनी जाऊन यावे, असा आईचा हट्ट आहे. म्हणजे सहा माणसे, सहाही मोठी. बारा वर्षांखालील एकही नाही.

त्या मोठ्या प्रवासाची लहानशी रंगीत तालीम आम्हांला अवचित दादऱ्याला घडली. वापीला एका स्नेह्यांकडे लग्न होते. तेथून जवळच म्हणून दोन रात्री तिकडे काढावयाचे ठरले. वापीहून सिल्वाशाकडे, ज्याला तिकडचे लोक सेलवास म्हणतात, जाणाऱ्या रस्त्यावरच दादरा लागते. गवयाच्या घरात ‘दादरा’ म्हटले की आधी ताल आठवतो, मग त्या तालात म्हटली जाणारी ठुमरीच्या जातीची चीज, आणि गाव सर्वांच्या शेवटी. पाटी दिसताच आई म्हणाली, “सहा मात्रांचा दादरा, आणि आपणही सहाच. तीन इकडे, तीन तिकडे.” त्या नावाचा तालाशी काही संबंध आहे असे मी म्हणत नाही, पण आईची वाटणी चोख होती. दोन खोल्या, तीन बायका एकीत, तीन पुरुष एकीत. तसेच आरक्षण आम्ही आधी फोनवरून करून ठेवले होते. खोल्या शेजारी शेजारी हव्यात, हेही बोलून ठेवले होते.

येथे या गावाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण पुढचे म्हणणे त्यावाचून उलगडणार नाही. आज आपण ज्याला सहज ‘दादरा-नगर हवेली’ असे एका दमात म्हणतो, ते एक गाव नव्हे आणि एकसंध मुलूखही नव्हे. दादरा म्हणजे दादरा, डेमणी आणि तिघरा ही तीन गावे. नगर हवेली म्हणजे सिल्वासा, नरोली, खानवेल वगैरे मोठा प्रदेश. आणि दोहोंच्या मध्ये गुजरातची चिंचोळी पट्टी. पेशवाईत १७७९ च्या तहाने नगर हवेलीच्या महसुलाचा प्रश्न पोर्तुगीजांच्या बाजूने सुटला, १७८३ मध्ये त्यांनी ती ताब्यात घेतली, आणि दादरा १७८५ मध्ये घेतले. त्यानंतर १९५४ पर्यंत हा मुलूख आपल्या दाराशी असून परदेश होता. दमणच्या गव्हर्नराला दादऱ्याला यावयाचे तर भारताची जमीन ओलांडावी लागे, आणि दादऱ्याहून सिल्वाशाला जावयाचे तर पुन्हा ओलांडावी लागे.

जुलै १९५४ मध्ये दादरा मोकळे झाले आणि २ ऑगस्टला सिल्वासा. त्या मोहिमेत आपल्या कोल्हापुरात जन्मलेले सुधीर फडके प्रत्यक्ष सामील होते, आणि मोहिमेच्या निधीसाठी पुण्यात लता मंगेशकरांनी गायन केले, हे संगीताच्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी सांगतो. सात सुरांपलीकडेही गवयाला कर्तव्ये असतात हे त्यांना कळावे म्हणून. पोर्तुगाल पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १२ एप्रिल १९६० चा निकाल मोठा मासलेवाईक आहे. न्यायालयाने म्हटले की, खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना मधल्या भारतीय भूमीतून जाण्यायेण्याचा हक्क १९५४ मध्ये होता. परंतु सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना तो नव्हता. आणि भारताने जे निर्बंध घातले ते गैर नव्हते. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश रीतसर भारतात आला, आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण-दीवसह तो एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे.

आता आमच्या खोल्यांकडे वळू. तो शनिवार होता. शेजारी गुजरातेत दारूबंदी आणि येथे ती नाही, त्यामुळे सुटीच्या दिवशी या भागातली विश्रामगृहे ओसंडून वाहतात. आम्ही जेथे उतरलो तेथे आमच्या शेजारी-शेजारीच्या खोल्या दुसऱ्या कोणाला देऊन झाल्या होत्या. आम्हांला एक खोली तळमजल्यावर आणि दुसरी तिसऱ्या मजल्यावर मिळाली. तक्रार केली तेव्हा काउंटरवरचा गृहस्थ सौजन्याने म्हणाला, “सर, सगळे अॅडल्टच तर आहात. लहान मूल असतं तर आम्ही काहीतरी केलं असतं.” त्याच्या बोलण्यात उद्धटपणा मुळीच नव्हता. त्याला शिकविलेल्या हिशेबात आमची गरज बसत नव्हती, एवढेच. माझा भाचा हसून म्हणाला, “मामा, खाली दादरा आणि वर नगर हवेली!” आणि खरोखरच मधला जिना, लिफ्ट आणि अनोळखी माणसांनी भरलेला दिवाणखाना म्हणजे परक्याचा मुलूख झाला होता. आई एकदा वर गेली ती गुडघ्यांमुळे खाली आलीच नाही. मुले खालच्या खोलीत आपापल्या फोनशी. मुलगी आजीपाशी बसली, पण पत्नी झोपली म्हणून दिवा मालवावा लागला. जेवणाची वेळ आम्ही फोनवरून ठरविली. एका छपराखाली असून सहा माणसांनी त्या संध्याकाळी वीस वाक्येही एकमेकांशी बोलली नसतील. मार्गाधिकार सर्वांना होता. कोणीही कोणाच्या खोलीत जाऊ शकत होते. पण हक्क असणे आणि सहज जाणे यांत फरक आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही ते सोडून खानवेलच्या बाजूला एका लहानशा घरात गेलो. भपका काही नाही. दोन खोल्या, मागे मोरी आणि संडास, आणि पुढे आपल्याकडे ज्याला सोपा म्हणतात तसा लांबट, कौलारू, बिनदाराचा भाग. त्यात दोन बाजा आणि चार खुर्च्या. समोर साग आणि डोंगर. खोल्यांची दारे सोप्यात उघडत, म्हणजे कोणालाही आत जावयाचे किंवा बाहेर यावयाचे तर सर्वांच्या मधून. रात्री जेवण झाल्यावर कोणी बोलावले नसता सर्वजण तेथेच बसले. भाच्याने मांडीवर ठेका धरला, आईने वडिलांच्या वेळची एक चीज अर्धीमुर्धी आठवून म्हटली. मग बराच वेळ कोणी बोलले नाही. आणि मग मुलगी म्हणाली, “बाबा, दोन वर्षांनी मी परत येईनच असं धरून चालू नका.”

हे वाक्य तिच्या मनात केव्हापासून होते, हे मी विचारले नाही. तळमजला आणि तिसरा मजला यांच्यामध्ये ते ती बोलली नसती, एवढे मला ठाऊक आहे. फोनवर ते बोलण्याजोगे नव्हे आणि समोरासमोर बोलावून सांगण्याजोगेही नव्हे. अशी वाक्ये अंधारात, कोणाच्या तोंडाकडे न पाहता, शेजारी आणखी चार माणसे श्वास घेत असताना बोलली जातात. माझी पत्नी आत जाऊन पाणी घेऊन आली. मला काही सुचेना. आईच म्हणाली, “यायचं तेव्हा ये. पण आम्ही तुझ्याकडं येऊ तेव्हा आम्हांला दोन मजल्यांवर ठेवू नकोस.”

म्हणून हा लेख. आईने नातीला घातलेली ती अट पाळावयाची तर परदेशात ते कितपत शक्य आहे, याची गेले दोन महिने आम्ही घरी चौकशी करीत आहोत. तीतून जे कळले ते इतरांच्याही उपयोगी पडावे.

पहिली गोष्ट, ‘फॅमिली रूम’ या दोन शब्दांवर विसंबू नये. ब्रिटनमधील साध्या साखळी हॉटेलांत त्याचा अर्थ बहुधा दोन मोठी माणसे आणि पंधरा-सोळा वर्षांपर्यंतची दोन मुले, असा असतो. आणि मुलांसाठी जी ‘बेड’ म्हणतात ती रात्री उघडावयाचा सोफा असतो. सहा फुटी मुलाला त्यावर निजविणे म्हणजे सतार तंबोऱ्याच्या पेटीत कोंबणे होय. युरोपात पुष्कळ ठिकाणी एका खोलीत किती माणसांनी राहावे याला आगीच्या भयाने मर्यादा घातलेली असते; तेथे काउंटरवर आर्जव करून गादी वाढवून मिळत नाही. आपल्याकडची ‘करून टाकू हो’ ही सवय तेथे चालत नाही, आणि ती चालू नये हेही बरोबरच आहे.

दुसरी गोष्ट शब्दांचीच. इंग्रजीत ‘डबल’ म्हणजे दोघांचा एक पलंग आणि ‘ट्विन’ म्हणजे दोन सुटे पलंग. मुलगा आणि भाचा, किंवा आजी आणि नात यांच्यासाठी खोली घेताना हा भेद ध्यानात ठेवला नाही तर एकजण रात्रभर खुर्चीत बसतो. तसेच ‘शेजारच्या खोल्या’ आणि ‘आतून दार असलेल्या खोल्या’ या दोन निराळ्या वस्तू आहेत. शेजारच्या खोल्यांत जावयास बाहेर यावे लागते. आतून दार असेल तर ते रात्री उघडे ठेवता येते आणि हवे तेव्हा लावून घेता येते. वाढलेल्या मुलांसह जाताना हेच दार मागून घ्यावे, आणि ते मिळेल असे लेखी घ्यावे. आमच्या तोंडी शब्दाचे काय झाले ते वर आलेच आहे.

तिसरी गोष्ट कागदांची. शेंगेन देशांच्या व्हिसासाठी राहण्याच्या जागेचा पुरावा आणि निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अठरा पूर्ण झालेल्या मुलाचा अर्ज वेगळा आणि त्यावर सही त्याचीच. तेव्हा आरक्षणाच्या कागदावर फक्त वडिलांचे नाव आणि पुढे ‘कुटुंब’ असे मोघम लिहून भागत नाही. प्रत्येकाचे नाव त्यावर यावे. मुक्कामाचा करही माणशी असतो. फ्रान्समध्ये अठरा वर्षांखालील मुलांना तो माफ आहे, रोममध्ये दहा वर्षांखालील मुलांना. मोठ्यांच्या कुटुंबाला तो सहाही जणांचा भरावा लागतो, हे खर्चाच्या हिशेबात आधीच धरावे.

मग सरळ एखादे घरच भाड्याने का घेऊ नये? मला हाच उपाय सर्वांत चांगला वाटतो; पण तोही दिवसेंदिवस अवघड होत चालला आहे. न्यूयॉर्क शहरात सप्टेंबर २०२३ पासून अंमलात आलेल्या नियमाप्रमाणे तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी पाहुणे ठेवावयाचे तर घरमालकाने स्वतः त्या घरात राहिले पाहिजे आणि पाहुणे दोनाहून अधिक नकोत. म्हणजे सहा जणांच्या कुटुंबाला तेथे आठवड्यासाठी घर मिळण्याचा मार्ग जवळजवळ बंद. बार्सिलोनाने २०२४ मध्ये जाहीर केले की, प्रवाशांना दिल्या जाणाऱ्या दहा हजारांहून अधिक सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवावयाचे. त्या शहरांची बाजूही समजून घेतली पाहिजे. प्रवाशांना घरे देण्यात अधिक पैसा, म्हणून तेथल्या रहिवाशांना घरे मिळेनाशी झाली. आपल्या सहा जणांना एकत्र बसता यावे म्हणून तेथल्या सहा जणांना घर सोडावे लागणे, हे काही न्यायाचे नव्हे. तेव्हा असे घर घ्यावयाचे तर ते परवान्याचे आहे ना, एवढी खात्री आपण अवश्य करावी.

उलट दोन ठिकाणच्या रीती मला शिकण्यासारख्या वाटल्या. जपानमधल्या ‘रियोकान’ नावाच्या जुन्या पद्धतीच्या खानावळवजा वसतीगृहांत भाडे खोलीचे नसते, माणशी असते. त्यात रात्रीचे जेवण आणि सकाळची न्याहारीही येते. खोलीत पलंग नाही. चटयांवर रात्री गाद्या घालतात, सकाळी उचलतात. तेथे चार-पाच मोठी माणसे एका खोलीत निजली तर कोणास अवघड वाटत नाही, आणि दिवसा तीच खोली बसावयाची होते. आपल्या धर्मशाळेची आठवण व्हावी अशी ही रीत आहे. दुसरी जर्मनीची. तेथे रिचर्ड शिर्मान नावाचे एक शाळामास्तर १९०९ मध्ये मुलांना घेऊन पायी फिरत असता वादळात सापडले. रात्री एका शाळेत आसरा घ्यावा लागला, आणि त्यातून युवक वसतीगृहांची कल्पना निघाली. १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमचे वसतीगृह उघडले. आज अशा पुष्कळ वसतीगृहांत कुटुंबांसाठी चार-सहा खाटांच्या स्वतंत्र खोल्या मिळतात, आणि बसावयास सामाईक दालन असते. नावात युवक असले तरी आजीला मज्जाव नाही. एका मास्तराने काढलेली सोय म्हणून माझे तिच्याविषयी थोडे अधिक प्रेम असेल, ते वाचकांनी समजून घ्यावे.

आता दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. एक पक्ष म्हणतो, मुले मोठी झाली, त्यांना आईबापांच्या शेपटाला बांधून कशाला फिरविता? त्यांचे ते जातील. यात तथ्य आहे, आणि ती जातातच. परंतु वर्षातून एकदा, किंवा आयुष्यातून एकदा, आपल्याबरोबर या असे म्हणणे म्हणजे बांधणे नव्हे. मात्र आधी त्यांना विचारावे. कोणाबरोबर कोण निजेल, हे वडिलांनी घरून ठरवून नेऊ नये. मुलगी मिळवती असेल तर तिने आपला वाटा देऊ केल्यास तो घ्यावा. पैसे दिले की खोली निवडण्यात तिचाही शब्द येतो, आणि तो यावा.

दुसरा पक्ष म्हणतो, आमचे वाडवडील वारीत, यात्रेत, लग्नघरात एका ओळीत वीस-वीस जण निजले. त्यांचे काय बिघडले? तुम्हांलाच ही दोन खोल्यांची चैन कशाला? याला उत्तर माझ्या वडिलांनी देऊन ठेवले आहे. ते ऐन तारुण्यात, १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन होण्यापूर्वी, दरबारच्या गवयांत होते. परगावी मुक्काम पडला की गवई, साथीदार आणि शिष्य सारे एकाच लांब खोलीत उतरत, हे ते मोठ्या हौसेने सांगत. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगत, ती हे धर्मशाळावादी विसरतात. पहाटे गवयाला खर्ज लावावयाचा असे, तेव्हा त्याच्यासाठी एक कोपरा, पडद्याने का होईना, वेगळा केलेला असे. त्या पडद्याआड कोणी जात नसे. एकत्र राहावयाचे म्हणूनच तो पडदा लागे. वाढलेल्या मुलाला रियाज नसेल करावयाचा. त्याला कदाचित नुसते भिंतीकडे तोंड करून पडावयाचे असेल, किंवा कोणाशी तरी हळू बोलावयाचे असेल. त्याचे दार त्याला असू द्यावे. बावीस वर्षांच्या मुलीने बापाच्या घोरण्यावर आणि भावाच्या उशीरा जागण्यावर आपली झोप टांगून ठेवावी, हे एकोपा नव्हे.

सहा माणसांना एकाच खोलीत कोंबले की ती दुसऱ्या दिवशी एकमेकांना टाळतात, आणि दोन मजल्यांवर विखुरली की एकमेकांना विसरतात. जे हवे आहे ते आपल्या जुन्या वाड्यांत होतेच. खोल्यांना दारे, आणि सर्व दारांपुढे एक सोपा. कोल्हापुरात आता सोपेही भिंती घालून बंद झाले, तो भाग वेगळा.

म्हणून मी विश्रामगृहे चालविणाऱ्यांना, विशेषतः आपल्या कोकणात, पन्हाळ्यावर आणि त्या दादरा-खानवेलच्या बाजूला नवी बांधकामे करणाऱ्यांना, एवढेच सुचवितो की दहा खोल्यांच्या ओळीत निदान दोन जोड्या अशा बांधाव्यात, की ज्यांची दारे एका बसावयाच्या जागेत उघडतील. त्यांची पाटी ‘सहा मोठ्या माणसांसाठी’ अशी स्पष्ट लावावी. त्याचे दोन खोल्यांइतके भाडे लोक आनंदाने देतील. आणि परदेश-सहली काढणाऱ्या कंपन्यांनीही ‘दोघांत एक खोली’ आणि ‘तिघांत एक खोली’ या दोनच रकान्यांत सर्व महाराष्ट्राला बसविणे सोडावे. पाच माणसांचे कुटुंब आले की त्यातल्या एकाला परक्याच्या खोलीत जोडून देण्याचे प्रकार मी ऐकतो. पैसे पाचांचे घेता, तर घरही पाचांचे ठेवा.

आणि ज्यांना जावयाचे आहे त्यांनी फोन उचलला की ‘फॅमिली रूम आहे का?’ असे विचारू नये. माणसे किती, प्रत्येकाचे वय काय, खोल्या कशा हव्यात, हे सांगावे. आणि शेवटी एक प्रश्न न विसरता विचारावा, की रात्री जेवण झाल्यावर आम्ही सगळ्यांनी बसायचं कुठं? ज्याच्याजवळ या प्रश्नाचे उत्तर असेल, त्याच्याकडे उतरावे.